आत्या ढगात गेली

प्रिय दादा,

साष्टांग नमस्कार. (गेल्या आठवड्यात डोंगरावर तो इतक्यांदा आपोआप घडला, की आता सवयच झाली आहे.) तुझा खोकला कसा आहे? वहिनींचा राग उतरला का? तुझ्या आईची, म्हणजे माझ्या आत्याची, प्रकृती उत्तम आहे. इतकी उत्तम, की तिच्यासोबत जाणाऱ्यांनी आपापली सांभाळावी. आत्या ढगात गेली होती. (घाबरू नकोस. खरोखरच्या ढगात, आणि चालत.)

तू बजावलं होतंस, की आईला पायथ्याच्या बाकावर बसव, गार हवा खाऊ दे आणि परत आण. मी बसवलंही. पण वरच्या जंगलात धबधबा आहे असं बाकासमोरच्या पाटीवर लिहिलं होतं, आणि ती पाटी वाचण्याइतका लख्ख चष्मा मीच तिला करून दिला आहे (भाच्याचं चष्म्याचं दुकान असण्याचे परिणाम). ‘‘नुसतं त्या वळणापर्यंत जाऊ,’’ म्हणाली. स्वतःची लाँड्री बंद केल्यापासून ती दिवसदिवस खिडकीत बसून असते, आपण होऊन कुठं ‘चल’ म्हणत नाही, हे तुला ठाऊक आहे. मला नाही म्हणवेना. आणि त्या डोंगराला वळणांशिवाय दुसरं काही नाही.

वाटेत एक वाटाड्या सोबतीला घेतला. थोडं वर गेलो आणि ढग सरळ झाडांत शिरला. पाऊस नाही, तरी पानापानाच्या टोकाला थेंब. खोडांना शेवाळाच्या लांब दाढ्या, फांद्यांवर मुळं हवेत सोडून बसलेली फुलं, माणसाहून उंच नेचे. हे सगळं मला वाटाड्यानं सांगितलं म्हणून कळलं, कारण माझ्या चष्म्यावर वाफ धरली होती आणि पुसायला रुमाल काढावा तर तोही ओला. मी एका नेच्याला अगदी अदबीनं रस्ता विचारला (तो वाकून उभा होता, मला वाटलं ऐकतोय). आत्याचा जन्म लाँड्रीच्या वाफेत गेलेला. ‘‘ही गार आहे, एवढंच,’’ म्हणाली आणि चालू लागली. मी घसरलो की ती मागं वळायची आणि ज्या हातांनी घोंगड्या पिळल्या त्या हातांनी मला कॉलरला धरून उभं करायची. वाटाड्यानं तिला दिलेली काठी तिनं केव्हाच माझ्याकडे दिली होती.

शेवटी पाण्याचा आवाज ऐकू आला. पुढं गेलो, तर समोर पांढऱ्या धुक्याची नुसती भिंत. वाटाड्या म्हणाला, ‘‘धबधबा समोरच आहे. ढग हलला तर दिसेल. पुष्कळ लोक ऐकूनच परत जातात.’’ मी लगेच म्हणालो, झालं, ऐकला, आता निघू. आत्यानं खडकावर बैठक मारली. ‘‘आयुष्यभर कपडे वाळायची वाट बघितली,’’ म्हणाली, ‘‘हे तर पाणी आहे.’’

आम्ही कुडकुडत बसलो. म्हणजे मी कुडकुडलो. आणि मग ढग बाजूला झाला.

दादा, चष्मा विकणाऱ्या माणसाला दिसण्याबद्दल लिहिता येऊ नये हे वाईट आहे. मान दुखेपर्यंत वर बघितलं तरी पाणी संपेना. काळ्या कड्यावरून ते, एखादं कापड सावकाश उलगडत यावं तसं, येत होतं. मध्येच वारा त्याला कडेला धरी आणि सोडून देई. खाली डोहावर हिरवा उजेड. आत्यानं चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. मग हळूच म्हणाली, ‘‘एवढं पांढरं माझ्या हातून कधी निघालं नाही.’’

बूट काढून ती अंगावरच्या कपड्यांनिशी डोहात शिरली, गुडघाभर पाण्यात उभी राहिली आणि मोठ्यानं हसली. हे हसू मी विसरलोच होतो. तूही विसरला असशील. तुझी आई काय बाई आहे, हे आपल्याला फारसं माहीत नाही.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
चष्मेवाला

ता.क. हे पत्र मी जंगलातल्या विश्रामगृहातून लिहितो आहे. आत्याला धरायला पाण्यात उडी मारली आणि माझा पाय मुरगळला. तिनं आणि वाटाड्यानं मला उचलून इथं आणलं. ती रोज सकाळी धबधब्यावर जाते, मी कण्हत पडून असतो. आम्हाला न्यायला तूच ये. जाड मोजे आण.

आणखी ता.क. (मी, आई) याचा पाय परवाच बरा झाला. तू येईपर्यंत कण्हत राहा, असं मीच त्याला सांगितलं आहे. नुसतं ‘ये’ म्हटलं की तुला सवड नसते. ढग सकाळी हलतो, म्हणून मुक्कामालाच ये.