लालमफलरने तलवार ठेवली त्याची गोष्ट

सोमवार, ३ मार्च
दादाला गप्प केलं! लालमफलरच्या मंगाचा, म्हणजे जपानी चित्रकथेचा, नवा भाग वाचून संपवला. समोर अख्खं गाव जाळणारा सेनापती, आणि आपला पठ्ठ्या काय करतो — तलवार दगडावर ठेवतो नि चालू लागतो! दादा म्हणे, "छुपी शक्ती असणार गं त्याच्यात, वेळ आली की काढेल." शक्ती-बिक्ती काही नाही! तो मोठा झाला. तलवारीवाचून त्याचं अडत नाही आता.

बुधवार, ५ मार्च
आमच्या दातांच्या लॅबमधले मुख्य कारागीर निवृत्त होतायत. लॅबच्या मालकीणबाई म्हणाल्या, "कवळ्यांचं टेबल तू सांभाळ. चौघं तुझ्या हाताखाली." नको म्हटलं. सरळ! म्हटलं, मला मोठेपणाची हौस नाही. अगदी लालमफलर! बाई म्हणाल्या, "सोमवारपर्यंत विचार कर." घरी फक्त दादाला सांगितलं.

गुरुवार, ६ मार्च
आता आईही वादात. ती शब्दांच्या वाटेला जात नाही, चित्रांवर भागवते. म्हणाली, "मफलरवाला शेवटी तलवार उचलतो की! धमक होतीच त्याच्यात." अगं, ठेवतो! "उचलतो! माझे डोळे काय फुटलेत?" दादाला ऊत आलाय. दोघांनी मिळून माझं डोकं खाल्लं.

शनिवार, ८ मार्च
सापडलं! आई पुस्तक उलटं वाचते!! मंगा उजवीकडून सुरू होतो, आणि आई आपली नेहमीसारखी डावीकडून. म्हणजे शेवटापासून सुरुवातीकडे! तिच्या गोष्टीत जळलेलं गाव पुन्हा उभं राहतं. तरीच म्हटलं, एवढी खूश कशी! दादा हसून हसून लोळला. मी म्हटलं, आता हरले म्हण.

आई टॉवेलच्या घड्या घालत होती. "हरले बाई. पण एक सांग, ठेवायला तलवार आधी हातात असावी लागते ना? त्याने घेतली होती. तू कधी घेतलीस?"

लॅबमधलं दादाने फोडलं तर! मी ताडकन उठून आत गेले. इतका राग आला की रडूच फुटलं. मोठं होणं कसलं नि काय — घाबरले होते मी. चौघांपुढे चुकेन म्हणून.

रविवार, ९ मार्च
आईशी अबोला. ती मात्र मजेत गुणगुणतेय!

सोमवार, १० मार्च
भीती अजून आहे. असू दे! उद्यापासून कवळ्यांचं टेबल माझं. बाईंनी विचारलं, "मत कसं बदललं गं?" म्हटलं, पुस्तक आईच्या बाजूने वाचलं.