मागचं दार

१८ मे

घरं तयार आहेत. रंग झाला, वीज आली, नळाला पाणीसुद्धा आलं. आमच्या खात्यात इतकं सगळं वेळेवर झालं की मलाच संशय येतो. बोरदऱ्याच्या वाडीसाठी कान्हे गावाच्या पलीकडे माळावर बांधलेली वसाहत. पुढच्या दारांना नवी कोरी कुलपं. चाव्या प्रांतसाहेबांच्या कपाटात. आणि ज्यांची घरं, ती माणसं अजून वर, डोंगराच्या पोटाशी.

वर जाऊन आले. सारजा मावशींनी हात धरून घरामागं नेलं. जमिनीला भेग पडलीय. गेल्या साली बोट जात होतं, परवा शेळीचा पाय अडकला. त्यांच्या नवऱ्यानं, शिदू आबांनी, त्यात पेंढा कोंबून वरून शेणानं सारवलंय. "दिसली न्हाई म्हंजे भ्या वाटत न्हाई," म्हणाले.

मी परकरात होते तेव्हापासून मावशी आमच्या शेतावर भाताच्या आवणीला यायच्या. राज्यमंत्री बिंत्री त्यांना काही नाही. मी भिमाजी अण्णांची पोर.

"चावी कदी देनार?"

"मोठ्या साहेबांची तारीख मिळाली की लगेच."

"तारखंचं काय त्यात? कुलूप काडायचं न् आत जायाचं."

येताना कोनशिला पाहिली. नावं कोरून झालीत. मोठे साहेब कॅबिनेट मंत्री, ते वर, मी खाली. तारखेची जागा मोकळी.

२४ मे

मुंबई. साहेबांच्या ओएसडीला, त्या खास अधिकाऱ्याला, पुन्हा गाठलं. "बघतो ताई." हा माणूस वर्षभर बघतोच आहे. एकदा चष्मा बदलून बघ म्हणावं.

मी म्हटलं, मग मीच वाटते चाव्या. गृहनिर्माण राज्यमंत्री आहे मी, मंडपवाली नाही. तो नुसता हसला. "कोनशिलेवर साहेब वर आहेत ना ताई."

घरी अमृतला सांगितलं. वाटलं, नवरा आहे, जरा कळवळेल. तर म्हणे, "जुलैत फेरबदल आहे. आत्ता त्यांच्याशी वाकडं घेऊ नकोस." चिडले. पण तो चुकीचं बोलत नव्हता, आणि त्याचाच जास्त राग आला.

३ जून

तारीख मिळाली! दहा जून.

९ जून

रद्द. साहेब दिल्लीला.

मंडपवाला विचारतोय, खांब ठेवू का काढू. माझा फ्लेक्स पावसानं दुमडून चिखलात तोंडावर पडलाय. माझ्या पीएनं, निलेशनं, फोटो पाठवला. एरवी हसले असते.

१४ जून

दोन दिवस धो धो. लोणावळ्यात भिजायला आलेल्यांच्या गाड्या पार खाली उतारापर्यंत. त्यांची मजा, आणि माझ्या डोळ्यांसमोर ती शेणानं सारवलेली भेग. झोप नाही, जेवण गोड लागत नाही, सगळ्यांवर खेकसतेय.

आज ताफा घेतला नाही, पोलीस नाहीत. मी आणि निलेश. म्हटलं, वाडीत जाऊ आणि एकेकाला हाताला धरून कान्ह्याच्या शाळेत आणून बसवू. मग साहेब काय म्हणायचं ते म्हणोत. वाटेत वसाहत लागली. कुलपं जागच्या जागी. पण घरांच्या मागून धूर!

वळसा घालून गेले तर मागची दारं सताड उघडी. दोरीवर कपडे, ओट्यावर कोंबड्या, एका घरात पाळणा. सारजा मावशी चुलीपुढं भाकरी थापत बसलेल्या.

"मागल्या दाराला नुसती कडी हाय. ठेकेदार इसरला आसंल," त्या म्हणाल्या. अगदी सहज.

"कधी आलात?"

"तुजा मांडव घातला त्या दिशी. समदी म्हनली, मांडव हाय तवर जाऊ, शुभ आसतंय. पुडली कुलपं तशीच ठिवलीत बग. तुजा कारेक्रम बिगडाया नगो."

मी तिथंच पाटावर बसले आणि हसले. हसता हसता रडायलाच आलं. मावशींनी ताटलीत भाकरी आणि जवळ्याची चटणी वाढली. किती दिवसांनी पोटभर जेवले.

मागच्या दाराशेजारी भिंतीत त्यांनी खिळा ठोकलाय, त्याला काळा दोरा बांधलाय. चावीसाठी. "आमच्या घराला कदी कुलूप न्हवतं. चावी कुटं ठिवायची त्याची सवय न्हाई. हितं टांगली म्हंजे घावंल." शिदू आबा म्हणाले, "चावी यायच्या आदी दोऱ्याचीच हौस."

प्रांतांना फोन केला. "मॅडम, मला यातलं काही माहीत नाही." म्हणजे सगळं माहीत आहे. भला माणूस.

१५ जून

झोपले. चक्क आठ वाजेपर्यंत.

२१ जून

सत्तावीस तारीख. या वेळी पक्की, वाहिन्या येणार आहेत.

ओएसडीचा फोन. साहेब रिबीन कापणार, पहिली चावी वाडीतल्या ज्येष्ठ महिलेला देणार, ती कुलूप उघडणार, मग कॅमेरे आत. घरं कोरी दिसली पाहिजेत. "आत चूल पेटलेली दिसली तर लोकार्पण कशाचं, ताई? अतिक्रमण म्हणतील लोक." त्याला कुणी सांगितलं कोण जाणे.

मला म्हणायचं होतं, अहो, ती माणसं जिवाच्या भीतीनं आलीत. पण "बघते," म्हटलं. आता मीही बघायला लागले.

२५ जून

प्रांतांनी तोडगा काढला. उद्या एका रात्रीपुरतं सगळ्यांनी शाळेत जायचं. तेवढ्यात घरं धुऊन, धुराच्या भिंतींवर पांढरा हात मारून घ्यायचा. परवा वाजतगाजत परत यायचं.

सांगायला मीच गेले. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर बरं दिसलं नसतं. कुणी वाद घातला नाही. तेच लागलं मनाला. भांडले असते तर मला साहेबांकडे जाऊन सांगायला तोंड तरी राहिलं असतं.

सारजा मावशी म्हणाल्या, "साळंत शेरडं घेत न्हाईत. आमी दोगं वरच जातो. एका रातीनं काय व्हतंय?"

त्याच वेळी फोन वाजला. तारीख पुन्हा हलली की काय, या धास्तीनं घाईघाईनं उचलला. उचलता उचलता मावशींना म्हटलं, "बरं."

पहिली चावी त्यांनाच मिळणार आहे. हिरवं लुगडं काढून ठेवलंय म्हणे.

२६ जून

पाऊस थांबायचं नाव घेत नाही. उर्से टोलनाक्याच्या पुढं गाडीच्या नाकासमोरचं दिसत नव्हतं.

दुपारी वसाहत पाहून आले. छान दिसते. अगदी कोरी. जणू कुणी कधी राहिलंच नाही.

प्रांतांना विचारलं, वर कुणी नाही ना?

"नाही मॅडम. सगळे शाळेत आहेत, खिचडी शिजतेय."

सगळे नाहीत, हे मला माहीत होतं. बोलले नाही. बोलले असते तर लगेच पोलीस पाठवावे लागले असते, त्या दोघांना ओढून आणल्यासारखं झालं असतं, आणि तेच आधी टीव्हीवर गेलं असतं. असं मी मनाशी म्हटलं. खरं म्हणजे मला आणखी एक भानगड नको होती. निदान इथं तरी खरं लिहावं.

गाडीत बसल्यावर निलेशला म्हटलं, वर घे. तो म्हणाला, साहेब सहाला लोणावळ्याच्या विश्रामगृहावर पोहोचतायत, स्वागताला तुम्ही नसलात तर कसं दिसेल?

गाडी लोणावळ्याकडे वळली. मी थांबवली नाही.

उद्या उजाडताच जाईन. दोघांना माझ्याच गाडीत घालून आणीन, शेळ्यांसकट. अमृत ओरडेल सीटच्या वासावरून. ओरडू दे.

२८ जून

काल दरड आली, उजाडायच्या आत. वाडी राहिली नाही. वर दोघंच होती.

साहेब ठरल्या वेळी आले. कॅमेऱ्यांपुढं म्हणाले, ताईंनी लोकांना वेळीच शाळेत हलवलं म्हणून एवढे जीव वाचले. माझ्या पाठीवर हात ठेवला. मी तो ठेवू दिला.

आज पहिल्या घराचं, मावशींच्या घराचं, कुलूप मीच काढलं. आत सगळं धुतलेलं, पांढरं. खिळा आहे भिंतीत, काळा दोराही आहे. चावी मला तिथं टांगवली नाही.