काटा ऐंशीवर होता

सोमवार, भर दुपारी

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (पाठ धरल्यापासून मी सगळं आडव्यानेच करतो, त्यामुळे नमस्कार तरी रीतसर पडला.) तुझे गुडघे काय म्हणतात? भावोजींचा उजवा हात प्लास्टरमध्ये खाजत असेल. आत पट्टी घालून खाजवू नका म्हणावं. डॉक्टरांनी हे मला तीनदा बजावलं होतं आणि मी तिन्ही वेळा तुला सांगायला विसरलो. माझी चौकशी करू नकोस. दोन वेळा जेवतो, आणि मधल्या वेळात लोक माझ्याकडे बघून मान हलवतात.

तुला ठाऊकच आहे, गेली एकोणीस वर्षं मी फ्लाइंग क्लबात मुलांना विमान शिकवतो, आणि दर महिन्याचं एक व्याख्यान माझं असतं: छोटी विमानं उतरताना आपटतात ती का, आणि त्यात वैमानिकाची अक्कल नेमकी कुठे गहाण पडलेली असते. फोटो दाखवायचे, दुसऱ्याच्या चुका मोजायच्या, मुलांना हसवायचं. वर्गाच्या भिंतीवर ‘उतरणं जमत नसेल तर पुन्हा वर जा’ हे मीच शिडीवर चढून रंगवलंय. आता त्या फोटोंत एक नवा फोटो आला आहे. त्यात आपलं विमान शेजारच्या कोबीच्या वाफ्यात नाक खुपसून बसलं आहे आणि शेपूट आकाशात. या महिन्याचं व्याख्यान याच्यावरच द्या, असं क्लबाचे अध्यक्ष म्हणाले. तुमच्याइतकी माहिती दुसऱ्या कोणाला असणार, हेही म्हणाले. टोमणा असता तर बरं वाटलं असतं. ते मनापासून बोलत होते.

झालं असं. वजनमापं खात्यातून निवृत्त झाल्यापासून भावोजी घरातली साखरसुद्धा दोनदा तोलतात, त्यांना जरा वर फिरवून आण, असं तूच म्हणाली होतीस. (तुला दोष देत नाही. देऊन पाहिला, चिकटला नाही.) मी त्यांना वर नेलं. खाली नदी होती, शेतं होती, तुमच्या घराची गच्चीसुद्धा दाखवली. पण चौतीस वर्षं दुकानदारांचे तराजू तपासलेला माणूस! चाळीस मिनिटं त्यांनी खिडकीकडे पाठ करून समोरच्या तबकड्या पाहिल्या. हा काटा कशाचा, तो कुठे असायला हवा, एकेक विचारून घेतलं. उतरताना वेग किती लागतो, हेही विचारलं. मी मोठ्या ऐटीत पासष्ट सांगितलं.

मैदानाकडे वळलो तेव्हाच मी फार उंचावर होतो. ते मला कळलं होतं, ताई. पुन्हा वर जायचं, एक फेरी मारायची, पाच मिनिटांत परत यायचं. कोणी हसलं नसतं. पण शेजारी कोण बसलं होतं? माझं अर्धवट सुटलेलं कॉलेज, बुडालेला फोटो स्टुडिओ आणि तुमच्या लग्नात मधेच विसरलेलं भाषण, हे तिन्ही पहिल्या रांगेतून पाहिलेला माणूस. त्यांच्यासमोर आयुष्यात एक तरी गोष्ट पहिल्या फटक्यात जमावी, एवढीच माझी इच्छा होती. म्हणून उंची कमी करायला मी नाक खाली दाबलं. विमानाचं नाक दाबलं की वेग वाढतो, हे पहिल्या आठवड्यातलं पोरही सांगेल.

भावोजी हळूच म्हणाले, “काटा ऐंशीवर आहे. तू पासष्ट म्हणाला होतास.”

मी म्हणालो, “वाचता येतं मला, भावोजी.”

हवेत असताना आमच्यात झालेलं हे शेवटचं बोलणं. अर्धी धावपट्टी खालून निघून गेली तरी चाकं टेकेनात. माझा धीर सुटला आणि मी विमान जमिनीवर दाबलं. ते उसळलं. पुन्हा दाबलं, तर आणखी उंच उसळलं. तिसऱ्या वेळी पुढचं चाक मोडलं, पंखा वाकला, कुंपण गेलं आणि कोबी आला. सगळं शांत झाल्यावर भावोजी मनगट धरून म्हणाले, “पोहोचलो का?”

आता खरी लाज सांगतो. चौकशीच्या अर्जात मी ‘अचानक वाऱ्याचा जोरदार झोत’ असं लिहिलं. दवाखान्यातून तुला फोन केला तेव्हाही वाराच सांगितला, पंचवीस तरी असेल म्हणालो. ताई, त्या संध्याकाळी झाडाचं पान हलत नव्हतं.

चौकशी अधिकारी कोण असावी? माझीच जुनी विद्यार्थिनी. याच चुकीसाठी मी तिला एकदा आठ दिवस विमानाला हात लावू दिला नव्हता. शनिवारी तिने बोलावलं. वारा किती होता, सर, असं अदबीने विचारलं. भरपूर होता, मी म्हणालो. तिने त्या दिवशीची हवामानाची नोंद माझ्यापुढे सरकवली. तीन. मग भावोजींचा जबाब सरकवला. त्यात वारा पंचवीस, आणि काट्याबद्दल एक अक्षर नाही.

“मी कोणाला खोटं म्हणत नाही, सर,” ती म्हणाली. “शुक्रवारपर्यंत दोघांनी पुन्हा लिहून द्या.” हे बोलताना ती टेबलावर पेन्सिल आपटत होती, अगदी माझ्यासारखी. खाली येऊन मी अर्धा तास बंद स्कूटरवर बसून राहिलो.

माझा परवाना जाईल, नोकरीही बहुधा जाईल. जाऊ दे. पण ज्यांनी जन्मात कोणाला एक ग्रॅम सोडला नाही, त्यांची खोट्या कागदावर सही झाली, आणि ती माझ्यापायी. याहून खाली उतरायला आता जागा नाही.

कळावे. लोभ शिल्लक असेल तर असू द्यावा.

तुझा,
धाकटा

ता. क. – पत्र ज्यासाठी लिहिलं ते राहूनच गेलं. त्या जबाबातलं अक्षर तुझं आहे. वर्गशिक्षिकेला माझ्या पोटदुखीच्या चिठ्ठ्या तूच लिहायचीस, मी ते कुठेही ओळखेन. मी फोनवर सांगितलं तेच तू विश्वासाने लिहिलंस, तुझी काही चूक नाही. तेवढा एक नवा कागद लिहून त्यावर भावोजींची सही घे: काटा ऐंशीवर होता, मी सांगितलं होतं, त्याने ऐकलं नाही. मी माझा लिहिला आहे.

आणखी एक ता. क. – पाकीट पुन्हा फोडलं. आत्ताच भावोजींचा फोन येऊन गेला. दवाखान्याच्या बाकावरच त्यांनी तुला ऐंशी सांगितलं होतं म्हणे, आणि तू म्हणालीस, तो वारा म्हणतोय तर वाराच. म्हणजे वरची सगळी पानं तुला नवीन नाहीत. तरी पाठवतो. शनिवारी चौकशीवालीने त्यांनाही कळवलं होतं. त्यांनी दोन दिवस खपून डाव्या हाताने नवा जबाब लिहिला आहे आणि तुला सांगू नको म्हणून मला बजावलं आहे. शुक्रवारी ते प्लास्टर दाखवायला जातो असं सांगून निघतील. त्यांना जाऊ दे. कुठे चाललात, असं खोदून विचारू नकोस. खोटं बोलायची त्यांना सवय नाही.