अंजनाची अर्धी गोधडी परत मिळणेबाबत

प्रति,
मा. फौजदार साहेब,
पोलीस ठाणे, देवजाई पेठ, जि. सांगली

विषय : मयत मुलीच्या अंगावर घातलेली व आपल्या ठाण्यात जमा असलेली हातशिवणीची गोधडी परत मिळणेबाबत.
संदर्भ : माझा श्रावणातील अर्ज व त्यानंतरच्या समक्ष भेटी.

महोदय,

मी खाली सही करणार नाथाजी तात्याबा मोहिते, निवृत्त लष्करी हवालदार, राहणार धनगरमळा, विनंतीपूर्वक अर्ज करतो की,

१. गेल्या वैशाखात माझी मुलगी अंजना विहिरीत पाणी भरण्यास उतरली असता वरचे दगड ढासळून जागीच मयत झाली. त्याआधी ती आणि माझी पत्नी बनुबाई ओसरीवर गोधडी शिवत बसल्या होत्या. "आये, घागर आणते, तवर तुझी कड उरकून घे," एवढे बोलून मुलगी उठली. आरडाओरडा ऐकून पत्नी मांडीवरची गोधडी तशीच घेऊन धावली, आणि तीच तिने मुलीच्या अंगावर घातली. प्रेतासोबत गोधडीही तपासणीस गेली. पंचनाम्यात 'जुनी गोधडी, नग एक' अशी नोंद आहे. साहेब, ती जुनी नव्हती. दिवाळीनंतर मुलीचे लग्न ठरले होते, तिच्यासोबत द्यावयाची होती.

२. अपघाती मृत्यूची चौकशी पूर्ण झाली. कोणावरही आरोप नाही, आमचीही कोणाविरुद्ध तक्रार नाही. तरी गोधडी मिळाली नाही. प्रथम सांगण्यात आले की खरेदीची पावती आणा. घरी शिवलेली आहे असे कळविले, तर मालकीचा पुरावा आणा म्हणाले.

३. सबब ओळख पुढीलप्रमाणे. वरचे कापड पत्नीचे इरकल लुगडे. आत माझा लष्करी सदरा व मुलीचे शाळेतील परकर. एका बाजूचे टाके पत्नीचे, ते लांब आहेत, कारण तिला कमी दिसते. दुसऱ्या बाजूचे मुलीचे. मुलगी डावरी असल्याने तिचे टाके उलट्या अंगाला कललेले आहेत. यावरून पत्नी तिला फार बोलत असे. सासरी नावे ठेवतील म्हणत असे. आता तेच टाके एकदा हाताला लागू देत, असे म्हणते.

४. मागील महिन्यात ठाण्यातील शिपायांनी कोठीतून एक गाठोडे काढून दिले व माझी सही घेतली. मी ते एस.टी.ने घरी आणले. पत्नीने ते सोडून आतल्या गोधडीवर सगळीकडे हात फिरविला आणि म्हणाली, "आवं, ही आपल्या अंजीची न्हाई." दुसऱ्या दिवशी मी ठाण्यात येऊन सांगितले, तेव्हा "गोधडी मिळाली ना? मग झालं तर," असे उत्तर मिळाले, आणि कागदोपत्री आपली मागणी पूर्ण झाली आहे, असेही सांगण्यात आले.

५. ती गोधडी तान्ह्या मुलाची आहे. कोपऱ्यात लाल दोऱ्याने चिमणी काढली आहे. ते मूल कोणाचे, आहे की नाही, आम्हांस ठाऊक नाही. पत्नीने ती धुऊन, उसवलेली कड शिवून दिली आहे. "त्या लेकराची आई बी ठाण्यात खेटं घालत असंल," म्हणाली. म्हणून परत करीत आहे. कृपया तिला पोहोचवावी.

६. आमची गोधडी रक्ताने भरली असल्यास ठाण्यात धुऊ नये. पत्नी स्वतः धुईल. जाळून टाकली असल्यास तसे स्पष्ट कळवावे. पत्नी रोज एस.टी.च्या वेळेला सडकेवर जाऊन उभी राहते. मी सैन्यात होतो, वाईट बातमी सांगण्याचे काम मी केले आहे. हेही मीच तिला सांगेन.

७. मुलगी उठली तेव्हा तिची ओळ अर्ध्यावर होती. सुई दोऱ्यासकट तिने तिथेच टोचून ठेवली होती. ती अजून तशीच असेल. तरी कोठीत शोधणाऱ्याने हात जपून घालावा, ही विनंती.

आपल्या उत्तराची वाट पाहणारा,
नाथाजी तात्याबा मोहिते
बनुबाई नाथाजी मोहिते (डाव्या हाताचा अंगठा)

मार्गशीर्ष, सन १९७३

सोबत : लहान मुलाची गोधडी, नग एक.