उबवणीच्या पेटीचा प्लग काढू नये

मी, चित्रा दिलीप सरपोतदार, वय ७३, प्राणिशास्त्राची निवृत्त प्राध्यापिका, राहणार मानसरोवर, जयपूर, हे मृत्युपत्र स्वखुशीने आणि स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. गुडघे नाहीत, पण कायदा गुडघ्यांची चौकशी करत नाही. गुरुवारी माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. मी परत येणार याची डॉक्टरांना खात्री आहे, मलाही आहे; तरी लिहून ठेवलेले बरे.

१. राहते घर व बँकेतील ठेवी माझा एकुलता एक मुलगा निमिष यास मिळाव्यात. त्याने घर विकले तरी हरकत नाही. मी बघायला नसेन.

२. ज्या कॉलेजात मी आयुष्य घालवले, त्याने माझ्या फोटोला हार घालू नये. प्रयोगशाळेतली जुनी सागवानी उबवणीची पेटी त्यांनी भंगारात काढली. मी ती कबाडीवाल्याच्या हातगाडीवरून उतरवून घेतली. माझे पती नुकतेच गेले होते आणि घरात करण्यासारखे काही उरले नव्हते. वाळवीने खाल्लेला तळ मी बदलला, रॉकेलच्या दिव्याच्या जागी बल्ब बसवला, आणि ऊब टिकावी म्हणून त्यांचा लोकरी कोट कापून आतून लावला. इथल्या कोरड्या हवेत कवचाखालचा पापुद्रा सुकतो आणि पिल्लू आतच अडकते, म्हणून पाण्याच्या ताटलीत कूलरचा खस, म्हणजे आपला वाळा, ठेवते. पहिले पिल्लू बाहेर आले, त्या दिवशी मी बऱ्याच महिन्यांनी पोटभर जेवले.

३. ही पेटी, रंधा व पटाशी निमिषला देऊ नयेत. दिवाळीला आला असताना त्याने उबवायला ठेवलेली अंडी काढून भुर्जी केली. "आई, ठेवलेली दिसली, मतलब खायचीच असणार ना," हा त्याचा खुलासा. वास शेजारच्या विजयमालाजी पाटनींकडे गेला. त्यांच्या घरात कांदासुद्धा येत नाही. त्यांनी कॉलनीच्या समितीकडे तक्रार केली आणि आमचे बोलणे बंद झाले.

जानेवारीत मी चक्कर येऊन पडले, तेव्हा अँब्युलन्स मात्र त्यांनीच बोलावली. हॉस्पिटलातून मी त्यांना फोन केला, की पेटीत अंडी आहेत, रोज तीनदा फिरवली नाहीत तर आतला जीव कवचाला चिकटून मरतो, कोणाला तरी सांगा. अंडी किती आहेत, हे त्यांनी विचारले. मग म्हणाल्या, "बहनजी, हैं तो बच्चे ही। मैं पलट दूँगी।" भांडी घासायचे रबरी हातमोजे घालून, तोंड फिरवून त्यांनी ते काम केले. मी घरी आले तेव्हा पिल्ले चिवचिवत होती आणि त्यांच्यापुढे बाजरीचा भरडा होता.

४. म्हणून पेटी हत्यारांसह विजयमालाजींना द्यावी. अंडे कधीच कढईत जाणार नाही, असे माझ्या माहितीतले हे एकच घर. पिल्ले पूर्वीप्रमाणे, जो कोंबडीची अंडी आणून देतो त्या चौमू गावच्या भगवान दूधवाल्याकडे जातील. कापणार नाही, असा शब्द त्याने दिला आहे. पिल्ले अंड्यातून निघताना निमिषला जरूर बोलवावे, पण जेवून ये म्हणावे.

५. आत्ताही पेटीत अंडी आहेत आणि त्यांची अर्धी वाट बाकी आहे. माझी वाईट बातमी आली तर घर माणसांनी भरेल आणि कोणीतरी फोन चार्ज करायला पेटीचा प्लग काढेल. तो काढू नये. आधी अंडी फिरवावीत, मग रडावे.

६. साक्षीदार म्हणून विजयमालाजींनाच सही करायची होती. पेन घेऊन आल्या होत्या. ज्याला मृत्युपत्रात काही मिळते त्याने साक्ष करायची नसते, असे मी सांगितले. काय मिळते, हे त्यांनी विचारले नाही. पेटीकडे पाहिले, उठल्या आणि दुपारची अंडी फिरवून आल्या. हातमोजे ओट्यावरच होते.

सही: चित्रा दिलीप सरपोतदार
ठिकाण: मानसरोवर, जयपूर
दिनांक: ९ मार्च २०२५

वरील सही आमच्या डोळ्यांदेखत झाली. बाई पूर्ण शुद्धीवर असून आम्हाला चहाही त्यांनीच केला:
१. डॉ. परेश माथुर
२. मैथिली राघव बापट