चैत्रगौर बारीक झाली त्याची हकिकत

मांजलपूर, बडोदे
अक्षय तृतीयेनंतरचा सोमवार

तीर्थरूप अहल्याआत्यांच्या पायांशी,

"नीलू, तोंड मिट, फोटोत हिरड्या येतायत." दादाच्या मुंजीत तुम्ही हे म्हणालात तेव्हा मी दुसरीत होते. तेव्हापासूनच्या प्रत्येक फोटोत, माझ्या लग्नातल्यासकट, मी दवाखान्यात नंबर लागायची वाट बघणाऱ्या बाईसारखी बसले आहे. (सासूबाई अजून अल्बम उघडला की हळूच विचारतात, मुलीच्या मनाविरुद्ध तर नव्हतं ना?) असो. तुम्हाला साष्टांग नमस्कार, गुडघ्यांमुळे सध्या मनातल्या मनात. मोतीबिंदूचं ऑपरेशन छान झालं आणि आता तुम्हाला समोरच्या बाल्कनीतल्या बाईच्या भुवयासुद्धा दिसतात असं कळलं. आनंद झाला. थोडी धास्तीही वाटली.

फोनच केला असता, पण तुम्ही फोन स्पीकरवर टाकून भाजी निवडता आणि मग मला सबंध नाशिक सल्ले देतं. म्हणून पत्र. उत्कर्षच्या लग्नाची पत्रिका पोचली. नातवाच्या नावाआधी तुमचं नाव मोठ्या अक्षरात आहे, ते शोभतंच. आम्ही येतोच आहोत, म्हणजे कुशल आणि मी येतोच आहोत. आमच्या लेकीचं, अवनीचं, जरा अडलंय. ते सांगते, पण आधी चैत्रगौरीचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

आमच्या सोसायटीत मराठी घर आमचं एकटंच, त्यामुळे माझ्या हळदीकुंकवाला सगळ्या गुजराती बायका. कैरीच्या डाळीत साखर का नाही हे त्या दरवर्षी विचारतात, आणि नाही म्हटलं तरी दोनदा घेतात. यंदा अवनीनं रील काढायचं ठरवलं. हल्ली फोनमध्ये फिल्टर म्हणून एक सोय असते. समोर चेहरा दिसला रे दिसला की ती नाक निमुळतं करते, गाल आत घेते, ओठ गुलाबी करते. कुणाला विचारत नाही (या बाबतीत ती आपल्याच घराण्यातली वाटते). अवनीनं फोन सगळ्यांवरून फिरवला. माझ्या दोन हनुवट्यांची एक झाली. शेजारच्या रसिकाबेनचं नाक जवळजवळ संपलंच. आणि मग फोन वळला झोपाळ्यातल्या गौरीकडे, म्हणजे आजीनं, तुमच्या आईनं, मला दिलेल्या पितळी अन्नपूर्णेकडे. वर्षानुवर्षं चिंच लावून घासघासून तिचं नाक बसकं झालंय आणि गाल मस्त गोल राहिलेत. फिल्टरला काय, चेहरा तो चेहरा. देवीला लांब पापण्या आल्या, नाक चाफेकळी झालं, गाल आत गेले. साऱ्या जगाला जेवू घालणारी बाई, आणि दिसत होती महिनाभर फक्त दुधीच्या रसावर असल्यासारखी!

एकालाही कळलं नाही. आपल्या घराण्याच्या ग्रुपवर "काय ते तेज" म्हणून हात जोडलेले नमस्कार पडले. त्यातला एक तुमचा होता, पण ते ऑपरेशनच्या आधी, म्हणून सोडून देते. दुसऱ्या दिवशी रसिकाबेन दारात हजर. "नीलिमाबेन, माताजी बहु सरस लागे छे, क्यांथी लीधां?" देवी फार सुंदर दिसते, कुठून घेतली म्हणे. मी त्यांना देवघरापाशी नेलं. त्यांनी अन्नपूर्णेकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा अन्नपूर्णेकडे, आणि पडेल आवाजात म्हणाल्या, "ना ना, आ तो बीजां छे." ही नव्हे, ती दुसरी! घरचीच देवी घरात ओळखू येईना. मी हसून हसून जमिनीवर बसले.

अवनी हसली नाही. रसिकाबेन गेल्यावर एवढंच म्हणाली, "आई, देवीलासुद्धा फिल्टर लावला तेव्हाच सरस म्हणाले. मग मी कोण?"

आत्या, मी सौंदर्य मनाचं असतं वगैरे सुरू केलं, तर म्हणाली, "ते तुझ्या डीपीला सांग." (माझा डीपी त्याच रीलमधला, एका हनुवटीचा आहे. काढणार आहे. बघते.) तिच्या डब्यातली पोळी हल्ली तशीच परत येते. बडोद्यात उन्हामुळे सगळ्याच मुली स्कूटरवर तोंडाला ओढणी बांधतात, सयाजीगंजात कॉलेज सुटलं की डाकूंची टोळी निघाल्यासारखं वाटतं. पण बाकीच्या घरी पोचल्यावर सोडतात. अवनी लिफ्टमध्येही सोडत नाही. आणि आता म्हणते, लग्नाला येत नाही. मी समजले, फोटोंमुळे. तिथे फोन दुसऱ्यांच्या हातात असणार. तर मी म्हटलं, कुशलच्या मागे उभी राहा, त्याच्यामागे अख्खा मांडव झाकून जातो. (कुशलचा स्वतःच्या देहावर कमालीचा लोभ आहे. आरशासमोर पोटावर थाप मारून "वाह" म्हणतो. हे औषध बाटलीत मिळत असतं तर मायलेकींनी सकाळ-संध्याकाळ घेतलं असतं.) त्यावर ती हसली, पण येते म्हणाली नाही.

बाकी सर्व क्षेम. उन्हाळा भयंकर आहे.

तुमची भाची,
नीलिमा

ता. क. भाकरवडी घेऊन येते. ठेचा आणू नको सांगितलंत तरी आणीन.

पुन्हा ता. क. पत्र पाकिटात घालून पुन्हा बाहेर काढलं आहे. आत्या, अवनी फोटोला घाबरत नाही. काल विचारल्यावर सांगितलं तिनं. ती तुम्हाला घाबरते. तुम्ही दारात उभ्या राहून माणसाला वरपासून खालपर्यंत बघता, मग एक वाक्य बोलता, आणि मग "ये" म्हणता. गेल्या दिवाळीत तिच्या वाट्याला आलेलं वाक्य होतं, "बडोद्याचं सगळं तेल तुझ्याच गालांना लागलं का गं?" लगेच तुम्ही तिच्या ताटात दोन लाडू जास्तीचे वाढलेत, हेही तिला आठवतंय. तुमची माया मला ठाऊक आहे. पण तिला त्या माणसागणिक ठरलेल्या वाक्याचीच भीती वाटते.

तिनं माझी मोरपंखी साडी स्वतःहून इस्त्री करून ठेवली आहे. म्हणजे यायचं आहे तिला. तेव्हा मागायचं ते एवढंच: ती दारात आली की तुम्ही नुसतं "ये, बस" म्हणाल का? जाड नाही, बारीक नाही, काळवंडलीस नाही, "आता कशी छान दिसतेस" हेसुद्धा नाही. नुसतं "ये, बस". तुम्ही म्हणणार, मी कुणाला वाईट बोलते का, आणि घरच्यांनी नाही सांगायचं तर कुणी सांगायचं? नाहीच म्हणाल, हे धरून चालले आहे. तरी विचारते.