खेकड्याचा श्रावण

आषाढ, अवसेचा आदला दिवस
एक केशरी मासा गायब. दुसऱ्याची शेपूट कुरतडलेली. दिलीप पेटीसमोर मांडी घालून बसला तो जेवायलाही उठला नाही. कंपनीनं घरी बसवल्यापासून माझ्या लेकाचे बूट दारात धूळ खातायत. सून सुनीता शाळेत शिकवायला जाते, हा माशांपुढं. काचेची पेटी, समुद्रासारखं मिठाचं पाणी, आत समुद्रातलेच दगड. माशांना खायला घालायचं म्हणून सकाळी उठतो तरी. उरलेला मासाही मेला तर दिलीप अंथरुणातच राहील. मला एवढंच कळतं.
म्हटलं, “दिल्या, दगडात कोणतरी बसलंय.”
“नाही गं आई, रोग असेल.”
रोगाला दात असतात व्हय?

अवस
पहाटे नेहमीसारखी उठले, मोबाईलची बॅटरी पेटीवर मारली. खेकडा! काळा, केसाळ, माझ्याकडं बघून भोकात शिरला. दगडाबरोबर फुकटात आलेला पाहुणा. दिलीपला हलवून उठवलं. दगड फोडता येत नाही म्हणे, त्यावरच्या जिवंत फुलांसारख्या वस्तू मरतील. माहेरी ओढ्यात आम्ही हात घालून काढायचो. इथंही घातला. बोट धरलं मेल्यानं. हळद लावली. दिलीप हसला. माझ्या बोटाला हसला, पण हसला.

श्रावण, पहिला सोमवार
दिलीपनं मोबाईलवर वाचलं, काचेचा पेला दगडाला तिरका टेकवायचा, तळाशी कोळंबीचा तुकडा. खेकडा आत पडतो, काच गुळगुळीत, वर येत नाही. ठीक. पण माशांसाठी आणलेली कोळंबी फ्रीजमध्ये, आणि सुनीतेचा श्रावण.
“अहो आई, माझ्या फ्रीजमध्ये नको आता.”
“मासे श्रावण पाळत न्हाईत.”
“ते नसतील पाळत. मी पाळते.”
मग डबा समोरच्या शमीमकडं. ती म्हणाली, “ठेवा की आजी, आमच्या फ्रीजला कुठला आलाय श्रावण!” आता रोज संध्याकाळी तिची बेल वाजवून तुकडा आणायचा. मी म्हटलं, माझे गुडघे दुखतात, दिलीपला जाऊ दे.
गुडघे बरे आहेत.

नागपंचमी
तुकडा खाल्ला, पेला रिकामा. फार आडवा टेकवला होता, चालत आला नि चालत गेला. जावयासारखा.
दिलीप तुकडा आणायला गेला तो बराच वेळ तिकडंच. शमीमच्या नवऱ्यानं, रफीकनं, चहाला बसवलं. त्याचं चाकणला छोटं वर्कशॉप आहे, एक मशीन बंद पडलंय. दिलीप कंपनीत मशीनंच दुरुस्त करायचा.
“काय बोलत होतास?”
“काही नाही. मशीनचं.”
पुढं विचारलं नाही. विचारलं की मिटतो तो.

शुक्रवार
वाईट दिवस. मासा कोपऱ्यात, खात नाही. दिलीपही नाही. भिंतीकडं तोंड करून पडला. तुकडा आणायला जा म्हटलं तर, “राहू दे आई. खाऊन टाकू दे त्याला एकदाचं.”
मी बोलले. नको ते बोलले. “मूठभर खेकड्यापुढं हात टेकलेस, तुझी कंपनी तर केवढी मोठी.” सुनीता भाकऱ्या थापायची थांबली.
मीच गेले शमीमकडं. पेला या वेळी उभट टेकवला. भिंतीला धरून वाकले.
आज गुडघे खरंच दुखले.

शनिवार
“आई! ए आई!” दिलीपच्या तोंडून एवढा मोठा आवाज किती दिवसांनी.
सापडला. पेल्यात गोल गोल फिरतोय, नांग्या वर करून शिव्या देतोय.
म्हटलं, “आण इकडं. रस्सा करते.”
सुनीता, “श्रावणी शनिवारी जीव घेणार घरात?”
“बरोबर आहे तिचं,” दिलीप घाईनं म्हणाला. बायकोचं इतक्या लवकर त्याला कधीच पटलेलं नाही.
मग बाल्कनीत बादली, मिठाचं पाणी, एक दगड, हवेची नळी. चोराला स्वतंत्र खोली.

राखीपौर्णिमा
मासा बाहेर येऊन खातो. शेपटीला नवी कड फुटलीय. बादलीतला तर राक्षसासारखा खातो, शमीमकडचीच कोळंबी. नारळीभाताची वाटी द्यायला गेले तर रफीक म्हणाला, “आजी, भाऊंना एकदा मशीन दाखवायला नेऊ का?” म्हटलं, मला काय विचारतोस, त्याला पाय आहेत.
गेला. बुटांवरची धूळ माझ्याच पदरानं पुसून गेला, गाढव. आला तो हात काळे करून. तसाच जेवायला बसत होता, हाकलला मोरीत.

पोळ्याचा दुसरा दिवस
श्रावण संपला. सुनीतेला म्हटलं, डबा आणू का परत? म्हणाली, “राहू दे की तिकडंच.” मास्तरीण आहे, तिलाही कळतंय.
खेकड्याचा रस्सा कधी, विचारलं. दिलीप म्हणतो, “गणपती होऊ देत, आई.” गणपतीनंतर पितरं, मग नवरात्र. या मेल्याचं आयुष्य मला लांबच दिसतंय.
मशीन चालू झालं म्हणे. रफीकनं आज परत बोलावलं होतं. रोज का दोन दिवसांपुरतं, त्यानं सांगितलं नाही, यानं विचारलं नाही. जाताना मला बजावलं, “उशीर झाला तर बादलीत तुकडा टाक. हात घालू नकोस.”
दिवे लागले. बूट दारात नाहीत.
तुकडा टाकला.